तिशीकडे झुकलेला रनिंग बॅक आणि महागडा करार: या चुका टाळा

मार्च उजाडला की एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, फ्री एजन्सीचा (करार संपलेल्या खेळाडूंचा) बाजार भरतो आणि दर वर्षी तोच वाद पेटतो. एखादा नावाजलेला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू), वय अठ्ठावीस-तीस, जुन्या संघाने हात आखडता घेतलेला. त्याला मोठे पैसे द्यावेत का? एक गट म्हणतो, तिशी आली की हे गडी संपतात, एक डॉलरही जास्त नको. दुसरा गट २०२४ मध्ये तिशीतही जोरात धावलेल्या डेरिक हेन्रीकडे बोट दाखवतो. दोघांचेही दाखले खरे असल्यामुळे वाद काही मिटत नाही.

माझं मत आधीच सांगतो. रनिंग बॅकचे जे करार संघांच्या गळ्यात अडकले, त्यातले बरेचसे वय झालेल्या गड्यांचे नव्हतेच. ते तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरांना, झालेल्या कामाचं बक्षीस म्हणून लांब मुदतीने दिले होते. वयापेक्षा करारात कशाचे पैसे मोजले जातायत आणि नको झालं तर बाहेर कसं पडायचं, हे न पाहणं जास्त महागात पडतं. चर्चेत, फँटसी लीगमध्ये किंवा नुसतंच घरी बसून जनरल मॅनेजरच्या थाटात बोलताना ज्या चुका हमखास होतात, त्या इथे घेतल्या आहेत.

फक्त जन्मतारीख पाहणे

टॉड गर्लीने जुलै २०१८ मध्ये रॅम्सकडून चार वर्षांचा ६ कोटी डॉलरचा वाढीव करार घेतला, त्यातले साडेचार कोटी गॅरंटीड. वय चोवीसही पूर्ण नव्हतं. आदल्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला होता. कागदावर यापेक्षा सुरक्षित सौदा दिसणार नाही. पण कॉलेजात असताना त्याच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला होता, आणि २०१८ चा हंगाम सरता सरता तोच गुडघा बोलायला लागला. डिसेंबरमध्ये रॅम्सने सी. जे. अँडरसनला उचललं. त्याच हंगामात दोन संघांनी सोडून दिलेला हा जाडजूड गडी. त्याने शेवटच्या दोन साखळी सामन्यांत १६७ आणि १३२ यार्ड काढले, आणि प्लेऑफमध्ये डॅलस काउबॉयजविरुद्ध १२३. सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, गर्लीच्या वाट्याला दहा कॅरी (चेंडू घेऊन धावायच्या खेपा) आणि ३५ यार्ड आले, रॅम्स ३-१३ ने हरले. मार्च २०२० मध्ये त्याला सोडलं तेव्हा सुमारे २ कोटी डॉलर डेड मनी, म्हणजे गेलेल्या गड्याचे पैसे, म्हणून रॅम्सच्या हिशेबात राहिले. त्या वर्षी फाल्कन्सकडून खेळला तो त्याचा शेवटचा हंगाम.

आता हेन्री. जन्म जानेवारी १९९४ चा, म्हणजे मार्च २०२४ मध्ये रेव्हन्सने घेतला तेव्हा तिशी ओलांडलेली. करार दोन वर्षांचा, १ कोटी ६० लाखांचा, गॅरंटी फक्त ९० लाख. त्या हंगामात त्याने ३२५ कॅरीत १,९२१ यार्ड काढले, दर कॅरीला सरासरी ५.९.

हे वाचून उलटी चूक करू नका. हेन्री, किंवा २०१५ मध्ये तिशीत लीगमध्ये सर्वाधिक १,४८५ यार्ड धावलेला एड्रियन पीटरसन, ही आपल्या डोळ्यांसमोर उरलेली नावं आहेत. बाकीचे तिशीच्या आतच लीगबाहेर गेले, त्यांची यादी कोणी काढत बसत नाही. हेन्रीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरली जाते. पहिली दोन वर्षं टेनेसीत तो डीमार्को मरेच्या मागे बसला, तेव्हा त्याच्या कॅरी होत्या ११० आणि १७६. त्याची झीजच उशिरा सुरू झाली. म्हणून वयाबरोबर तीन गोष्टी विचारा: आतापर्यंत किती कॅरी झाल्या, त्यातल्या किती गेल्या दोन हंगामांत झाल्या, आणि दुखापत हाडाची की सांध्याची. हेन्रीचं २०२१ मध्ये पायाचं हाड मोडलं. ते जुळलं आणि पुढच्या वर्षी तो १,५३८ यार्ड धावला. गर्लीच्या गुडघ्याला ती सवलत मिळाली नाही.

मागच्या हंगामाचं बिल पुढच्या वर्षांत भरणे

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोहक चूक हीच. शॉन अलेक्झांडर २००५ मध्ये १,८८० यार्ड, २७ रशिंग टचडाउन (चेंडू धावत शेवटच्या रेषेपार नेणं) आणि एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू. सीहॉक्सने लगेच आठ वर्षांचा ६.२ कोटींचा करार पुढे केला. नंतरचे दोन हंगाम ८९६ आणि ७१६ यार्डांचे, आणि २००८ च्या एप्रिलमध्ये निरोप.

डीमार्को मरेची गोष्ट आणखी शिकवणारी. २०१४ मध्ये डॅलसने त्याला ३९२ वेळा चेंडू दिला. त्याने १,८४५ यार्ड काढले आणि लीगमध्ये पहिला आला. पुढच्या वर्षी तो आपल्याकडे नसणारच आहे, मग गडी राखून ठेवायचा कशाला, असा तो हिशेब वाटावा इतका तो वापर निर्दय होता. फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला पाच वर्षांचा सुमारे ४ कोटींचा करार दिला आणि मिळाले ७०२ यार्ड, सरासरी ३.६.

इथे खेळाडूला हावरट म्हणायची फॅशन आहे, ती मला पटत नाही. रनिंग बॅक एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी ड्राफ्टमधून (नवख्या खेळाडूंच्या निवडीतून) लीगमध्ये येतो. रूकी, म्हणजे नवख्याचा, करार चार वर्षांचा, पहिल्या फेरीतला असेल तर पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात, त्यावर फ्रँचायझी टॅग, म्हणजे खेळाडूला आणखी एक वर्ष अडवून ठेवायचा संघाचा हक्क. खुल्या बाजारात पाय ठेवेपर्यंत सव्वीस-सत्तावीस उलटलेले असतात, म्हणजे पायातली पहिली धार स्वस्तात वापरून झालेली असते. २०२३ च्या जुलैत टॅग लागलेल्यांशी लांब मुदतीचे करार करायची मुदत सरली, तेव्हा ऑस्टिन एकेलरने पुढाकार घेऊन रनिंग बॅकची झूमवर बैठक बोलावली होती, ती या रागातूनच. त्यांचा राग रास्त आहे. पण अन्यायाची भरपाई म्हणून दिलेला करार संघाला सामना जिंकून देत नाही, हेही तितकंच खरं.

ओ-लाइनचं श्रेय रनिंग बॅकच्या खात्यात टाकणे

मरे गेल्यावर डॅलसने त्याच ओ-लाइनमागे (रनिंग बॅकसाठी वाट मोकळी करणाऱ्या आक्रमक फळीमागे) डॅरेन मॅकफॅडनला उभं केलं. लीगने जवळजवळ मोडीत काढलेला गडी. २०१५ मध्ये तो १,०८९ यार्ड धावला. टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक, झॅक मार्टिन समोर असताना दारं आपोआप उघडत होती.

फिलाडेल्फियाने पुढे हाच खेळ दुसऱ्या बाजूने दाखवला. माइल्स सँडर्स २०२२ मध्ये ईगल्सकडून १,२६९ यार्ड धावला आणि पँथर्सचा चार वर्षांचा अडीच कोटींचा करार घेऊन गेला. तिथे पहिल्या वर्षी ४३२. त्याच्या जागी आलेला डिआँड्रे स्विफ्ट २०२३ मध्ये १,०४९ यार्ड, सरासरी ४.६. तो २ कोटी ४० लाखांवर शिकागोला गेला आणि सरासरी आली ३.८ वर. पाठोपाठ सेक्वॉन बार्कली. न्यू यॉर्क जायंट्सच्या गळक्या लाइनमागे २०२३ मध्ये ९६२ यार्ड, सरासरी ३.९. पुढच्या वर्षी ईगल्सकडे २,००५.

म्हणजे बार्कली काही खास नाही आणि सगळं लाइनचंच, असा याचा अर्थ होत नाही. त्याच लाइनमागे सँडर्स आणि स्विफ्ट हजार-बाराशेला थांबले होते, बार्कली दोन हजारांपलीकडे गेला. हजारापर्यंतचं श्रेय लाइनला द्या, वरच्या हजाराचे पैसे बार्कलीला. टॅकलरचा हात लागायच्या आधी किती यार्ड मिळाले आणि हात लागल्यानंतर किती, हे वेगळं मोजलेलं सहज मिळतं. करारावर मत देण्याआधी तेवढं तरी बघावं.

मथळ्यातला आकडा खरा मानणे

‘सहा वर्षं, नऊ कोटी!’ इझिकिएल एलियटच्या २०१९ च्या कराराची बातमी अशी होती. त्याने कॅम्पला दांडी मारली, मेक्सिकोत जाऊन सराव केला, आणि हंगामाच्या तोंडावर डॅलसचे मालक जेरी जोन्सने चेक काढला. प्रत्यक्षात त्यानंतर तो डॅलसकडे चार हंगाम टिकला. गॅरंटी ५ कोटींची होती आणि खरा करार तेवढाच होता.

इथे जरा थांबायला हवं, कारण निम्मे वाद हे न कळल्याने होतात. एनएफएलचा सॅलरी कॅप कडक आहे: २०२४ साठी प्रत्येक संघाला २५.५४ कोटी डॉलर, २०२५ साठी २७.९२ कोटी. आयपीएल लिलावातल्या पर्ससारखाच, फक्त इथे आजचा खर्च पुढच्या वर्षांवर ढकलता येतो. साइनिंग बोनस खेळाडूच्या हातात लगेच पडतो, पण कॅपच्या हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर समान वाटला जातो. समजा चार वर्षांचा करार आहे आणि बोनस २ कोटींचा. दर वर्षी ५० लाख कॅपवर चढतात. दोन वर्षांनी गडी सोडला, तर उरलेले १ कोटी एकदम अंगावर येतात. हा डेड मनी: खेळाडू दुसरीकडे, पैसे तुमच्या माथी.

म्हणून करार वाचताना एकूण रक्कम झाकून ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. गॅरंटी किती? कोणत्या वर्षानंतर सोडला तर तोट्यापेक्षा बचत जास्त? आणि त्या वर्षी गड्याचं वय काय असेल? हेन्रीचा २०२४ चा करार या कसोटीवर लावा. तो एका वर्षात कोसळला असता, तरी रेव्हन्सचं नुकसान सोसण्याजोगं होतं. एलियटचा लावा, आणि तिसऱ्या वर्षाशी घाम फुटतो.

हायलाइट्स पाहून निदान करणे

नोव्हेंबर २०२४ मध्ये जॅक्सनव्हिलविरुद्ध बार्कलीने पाठमोरी उडी मारून बचावपटूला ओलांडलं. ती क्लिप तुम्ही पाहिली असेलच, मीही पुन्हापुन्हा पाहिली. अशा क्लिपमधून पायांत किती स्फोट शिल्लक आहे ते कळतं, पण तिसऱ्या डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) ब्लिट्झ, म्हणजे बचावाचा जादा हल्ला, आल्यावर गडी क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराला) वाचवतो का, हे कळत नाही. फक्त सरासरी पाहणंही तितकंच फसवं. एक ७० यार्डांची धाव हंगामाची सरासरी सजवते आणि मधल्या दहा फुकट कॅरी झाकते. वय वाढल्यावर आधी जातो तो लांब धावांचा वेग. दोन-तीन यार्ड रेटून काढायची ताकद, ब्लॉकिंग, चेंडू झेलणारे हात हे सगळं टिकतं. तेवढंच उरलेल्या गड्याला कामाला ठेवा, पण पैसेही तेवढ्याचेच द्या.

नाव विकत घेणे

डॅल्व्हिन कुकला वायकिंग्जने २०२३ च्या जूनमध्ये सोडलं. चार हंगाम सलग हजारावर यार्ड, मोठं नाव. जेट्सने त्याला एका वर्षासाठी सुमारे ७० लाखांवर घेतलं. त्यांच्याकडे ब्रीस हॉल होता, फक्त त्याच्या गुडघ्याची धास्ती होती. हॉल सावरला आणि कुकचा हंगाम ६७ कॅरी, २१४ यार्डांवर संपला. एका वर्षाचाच करार असल्याने जेट्सचं फार बिघडलं नाही, एवढंच.

आपला संघ कुठे उभा आहे हे न पाहणे

न्यू जर्सीतल्या मराठी मित्रमंडळींत बसलात आणि जायंट्सचा विषय निघाला, की बार्कलीवरून जेवण थंड होतं. मार्च २०२३ मध्ये जायंट्सने क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला चार वर्षांचा १६ कोटींचा करार दिला आणि बार्कलीवर टॅग लावला. वर्षभराने बार्कलीला जाऊ दिलं. ‘हार्ड नॉक्स’ या माहितीपट मालिकेच्या कॅमेऱ्यासमोर मालक जॉन मारा जनरल मॅनेजर जो शोनला बजावतात, की सेक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण आहे. तो फिलाडेल्फियालाच गेला: तीन वर्षं, पावणेचार कोटींच्या थोडं वर. २०२४ मध्ये जायंट्स १४ सामने हरले, जोन्सला नोव्हेंबरमध्येच सोडलं, आणि ईगल्सने बार्कलीच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी सुपर बोल जिंकला.

शोनला शिव्या घालणं सोपं आहे. पण ती लाइन, तो क्वार्टरबॅक असताना बार्कली जायंट्सकडे दोन हजार यार्ड धावला असता का? मला तरी वाटत नाही. रनिंग बॅकवर पैसे न घालण्याचा त्यांचा तर्क ठीकच होता. वाचलेले पैसे ज्याच्यावर टाकले, तिथे घोळ झाला. वाढत्या वयाचा, महागडा रनिंग बॅक ही शेवटची वीट असते. पाया भरलेल्या संघाने ती घ्यावी. ईगल्सचा भरला होता, रेव्हन्सकडे लामार जॅक्सनसारखा क्वार्टरबॅक होता. ल'व्हिऑन बेलला २०१९ मध्ये ५ कोटी २५ लाखांवर आणणाऱ्या जेट्सकडे काहीच नव्हतं. ७८९ यार्ड, सरासरी ३.२, आणि दुसऱ्या हंगामात ऑक्टोबरमध्येच गच्छंती.

आणि हो, किंमत फक्त यार्डांत मोजू नका. त्या सुपर बोलमध्ये चीफ्सने बार्कलीला २५ कॅरीत ५७ यार्डांवर रोखलं. रोखण्यासाठी माणसं पुढे आणावी लागली, आणि ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला मागे मोकळं रान मिळालं. स्कोअर ४०-२२.

स्वस्त पर्याय विसरणे

आयझाया पॅचेको ड्राफ्टच्या सातव्या फेरीतला, पहिल्याच वर्षी ८३० यार्ड आणि सुपर बोल. कायरन विल्यम्स पाचव्या फेरीतला, २०२३ मध्ये १२ सामन्यांत १,१४४. महागडा करार द्यायचाच असेल, तर तुलना शून्याशी नाही, यांच्याशी करा.

करार झालाय आणि गडी चालेना: आता काय?

सरासरी घसरली की आधी लाइनमधल्या दुखापती तपासा. लाइन धड असेल, तर त्याच लाइनमागे बदली खेळाडू काय करतोय ते पाहा. २०२२ मध्ये डॅलसकडे एलियटची सरासरी ३.८ होती आणि टोनी पोलार्डची ५.२. निकाल उघड वाटला. पण सावध राहा: गोललाइनवरची खडतर कामं एलियट करत होता, त्याचे टचडाउन बारा होते. दुसऱ्या वर्षी तो भार पोलार्डवर आला, आणि त्याची सरासरी ४.० वर उतरली. बदली गडी छान धावतोय म्हणजे त्याला पूर्ण वेळ द्या, हा निष्कर्ष दर वेळी टिकत नाही. बऱ्याचदा दुखणं भाराचं असतं आणि कॅरी वाटून दिल्या की दोघंही सुधारतात.

कॅपची चणचण भासली की रिस्ट्रक्चरचा मोह होतो: यंदाच्या पगाराचा बोनस करायचा आणि पुढच्या वर्षांवर पसरायचा. क्वार्टरबॅकसाठी चालतं. एकोणतीस वर्षांच्या रनिंग बॅकसाठी हे करू नका. ज्याला पुढच्या वर्षी सोडायचं आहे, त्याचाच डेड मनी तुम्ही स्वतःच्या हाताने वाढवता.

सोडायचंच ठरलं तर १ जूननंतरचा शिक्का वापरा, म्हणजे डेड मनी दोन वर्षांत विभागला जातो. एलियटला मार्च २०२३ मध्ये डॅलसने असंच सोडलं आणि त्या वर्षापुरते सुमारे १ कोटी ९ लाख मोकळे केले. पगारकपातीचा प्रस्तावही ठेवता येतो, पण नकाराची तयारी हवी. २०२४ मध्ये ॲरन जोन्सने पॅकर्सची कपात नाकारली, वायकिंग्जकडे गेला आणि त्याच वर्षी १,१३८ यार्ड धावला. पॅकर्सनेही तोवर जॉश जेकब्सला घेतलं होतं, त्यामुळे दोघांचं भागलं.

ट्रेड, म्हणजे गडी दुसऱ्या संघाला देऊन टाकणं, हा सगळ्यात कमी वापरला जाणारा मार्ग. मरे फिलाडेल्फियात बसत नव्हता, ईगल्सने वर्षभरातच त्याला टेनेसीला दिला आणि तिथे तो १,२८७ यार्ड धावला. ख्रिश्चन मॅकॅफ्रीला पँथर्सने २०२० मध्ये चार वर्षांचे ६.४ कोटी दिले, पुढच्या दोन हंगामांत मिळून तो दहाच सामने खेळला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो फोर्टीनायनर्सकडे गेला. साइनिंग बोनसचा भार मागे पँथर्सकडेच राहिला, आणि २०२३ मध्ये सर्वोत्तम आक्रमक खेळाडूचा मान त्याने नव्या जर्सीत घेतला. दुसऱ्याचा फसलेला करार कधीकधी तुमच्यासाठी सर्वात स्वस्त करार असतो. मात्र त्याच मॅकॅफ्रीला जून २०२४ मध्ये आणखी दोन वर्षांचे ३.८ कोटी मिळाले, आणि त्या हंगामात तो चारच सामने खेळला.

बार्कली आणि हेन्री दोघांनाही २०२५ मध्ये नवे करार मिळाले. बार्कलीला दोन वर्षांचे ४.१२ कोटी, ३.६ कोटी गॅरंटीड. हेन्रीला दोन वर्षांचे ३ कोटी, त्यातले अडीच कोटी गॅरंटीड. म्हणजे पहिल्या खेपेला शहाणपणाने सौदा करणाऱ्या दोन्ही संघांनी दुसऱ्या खेपेला बक्षीस वाटलं. बार्कलीला त्या हंगामात आदल्या वर्षीची लय सापडली नाही. हेन्री पहिल्याच सामन्यात बफेलोमध्ये १६९ यार्ड धावला, चौथ्या क्वार्टरमध्ये चेंडू हातून सुटला, आणि रेव्हन्स ४०-४१ ने हरले. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. दोन हंगामांत रेव्हन्सला पहिल्या कराराचे दाम दुपटीने वसूल झाले असते, तरी मी दुसऱ्यात गॅरंटी निम्मीच ठेवली असती.